छत्तीस वर्षं खेळलेला गोलकीपर

"माणूस छत्तीस वर्षं गोलमध्ये उभा राहील का?" मी लॅपटॉपला विचारलं. लॅपटॉप काय बोलणार! मी ती ओळ रिजेक्टच्या फाइलमध्ये ढकलली आणि चहा टाकायला उठले.

२०२१ चा फेब्रुवारी. आयर्लंडमधल्या नास गावातल्या घराचं किचन टेबल हेच माझं ऑफिस. माझं काम डेटा क्वालिटीचं. म्हणजे लोकांनी गोळा केलेली माहिती पुढे जायच्या आधी मी ती तांदूळ निवडावेत तशी निवडते. त्यासाठी रूल लिहायचे. एखाद्याचा जन्म त्याच्या लग्नानंतरचा निघाला, की रूल त्याला दारातच अडवतो. अडवलेल्यांची वेगळी फाइल होते, ती म्हणजे रिजेक्ट. ती फाइल एकदा नीट डोळ्यांखालून घालायची असते. दरवेळी घातली जातेच असं नाही.

या वेळी काम होतं जपानचं. तिथे प्रोफेशनल फुटबॉल आला नव्वदच्या दशकात. त्याआधी पंचवीसेक वर्षं देशातली मोठी लीग होती ती कंपन्यांच्या टीमची. टीमला नावच कंपनीचं. पोलाद, केबल, जहाजं, मोटारी. खेळणारे सगळे कंपनीचे नोकर. सकाळी काम, दुपारनंतर प्रॅक्टिस, रविवारी मॅच, सोमवारी पुन्हा आपापल्या टेबलावर नाहीतर मशीनवर. जुन्या खेळाडूंची एक छोटी संघटना या सगळ्यांच्या नावांचं पुस्तक छापणार होती. पहिलंच, आणि बहुधा शेवटचंच, कारण बरेच जण ऐंशीच्या घरात पोचले होते. जो यादीतून सुटला तो कायमचा सुटला.

माझा बॉस डेक्लन. त्याला आधी ही भानगडच कळेना.

"म्हणजे खेळाडूंना पगार मिळायचा?"

"हो, पण कामाचा. खेळायचा नाही."

"हां, म्हणजे आमच्यासारखंच. माझा काका पोस्टमन होता आणि गावच्या क्लबकडून हर्लिंग, आमचा काठी-चेंडूचा खेळ, खेळायचा. पण तो खेळायचा गावासाठी. पोस्ट ऑफिससाठी कोण जीव काढेल?"

मलाही तेच वाटत होतं. कुतूहल तर इतकं, की जेवताना ताटाशेजारी जपानी याद्या. नवऱ्याने एकदा विचारलं, "आज वरणाबरोबर कुठली कंपनी?"

याद्या तपासायला संघटनेने प्रत्येक टीमचा एकेक जुना माणूस नेमला होता. एका टीमसाठी होते हामादा-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'). वय ऐंशी. कॉम्प्युटरला हात लावत नसत. आम्ही पाठवलेल्या यादीची प्रिंट काढून पेन्सिलीने दुरुस्त्या करत आणि संघटनेला फॅक्स करत. तिथल्या मोरी-सान नावाच्या बाई त्या दुरुस्त्या इंग्रजीत उतरवून मला पाठवत. आणि काय दुरुस्त्या! 'हा राइट बॅक नव्हे, लेफ्ट. सकाळी पेंट शॉपमध्ये असायचा, प्रॅक्टिसला निळी नखं घेऊन यायचा.' 'याचं जन्मगाव चुकलं आहे. त्याची आई दर सीझनला तिथून पर्सिमन फळांची पेटी पाठवायची, आम्ही सगळे खायचो.' मी अख्खी सकाळ ते वाचत बसायचे. यादीतलं एकही नाव त्यांनी नुसतं सोडून दिलं नव्हतं. पेंट शॉपवाल्याच्या बुटांचं मापसुद्धा लिहिलं होतं, न विचारता.

शुक्रवारी फाइल छापखान्यात जायची होती. मंगळवारी डेक्लनने विचारलं, "रिजेक्टमध्ये किती?"

"एकोणतीस."

"ग्रँड. एवढे तर असतातच. साइन ऑफ करून टाक."

हे एकोणतीस कोण? तर माझ्या एका रूलने अडवलेले. रूल असा, की कारकीर्द पंचवीस वर्षांपेक्षा मोठी दिसली तर तारीख चुकलेली समजा. आता सांगा, यात काय चुकलं? फुटबॉलमध्ये कोण एवढं खेळतं?

बुधवारी सकाळी मी पुन्हा त्या गोलकीपरच्या ओळीवर थबकले. एकोणतीसपैकी बहुतेकांचा प्रकार हाच, तीस, चौतीस, छत्तीस वर्षं. टायपिंगची चूक एवढी शिस्तीत होत नसते. मी वैतागून काहीतरी पुटपुटले.

"काय भांडतीस गं त्या मशीनसंगं?" मागून तात्या.

तात्या म्हणजे माझे वडील. मूळचे कोल्हापूरचे. तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळायचे, ते बघून पुण्याच्या एका कारखान्याने त्यांना फिटर म्हणून घेतलं आणि आपल्या टीममध्ये खेळवलं. २०२० च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि अडकले ते अडकलेच. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही हा सरकारी नियम, त्यामुळे रोज त्याच कालव्यावर त्याच बदकांना बघून यायचे.

"एक जपानी गोलकीपर छत्तीस वर्षं खेळलाय म्हणे," मी म्हटलं.

"कंपनीच्या टीमात?"

"हो."

"मग त्यात काय चुकलंय? मी बी चौतीस वर्षं होतो की."

"तात्या, काहीतरीच काय! गुडघा गेला आणि तिसाव्या वर्षी तुम्ही खेळ सोडलात."

"खेळ सोडला. कंपनी कुठं सोडली? अठ्ठावन्नला सोडली. आमच्या हेडक्लार्ककडं एकच रजिस्टर. लागला कधी, गेला कधी. मधी गुडघा कधी गेला ते लिवायला त्यात रकानाच नव्हता."

मी चहाचा कप खाली ठेवला. अरे देवा! शेवटची तारीख खेळ सोडल्याची नव्हतीच. ती रिटायरमेंटची होती.

मग भराभर उलगडत गेलं. जे नामवंत होते त्यांची खेळायची वर्षं मॅचच्या कागदांवरून, वर्तमानपत्रांवरून सहज मिळाली होती. ते माझ्या दारातून आरामात आत गेले. जे बेंचवर बसले, सीझनमध्ये एखादी मॅच खेळले, त्यांच्यासाठी कंपनीच्या नोकरांच्या रजिस्टरशिवाय दुसरा कागदच नव्हता. माझा रूल नेमका त्यांनाच अडवत होता. मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं या धंद्यात, आणि तारीख कशाची आहे हे विचारलंच नव्हतं!

एकोणतीस नावं एकेक करून उघडायला बसले. पहिली ती गोलकीपरची. आतापर्यंत मी फक्त वर्षांचा आकडा बघत होते. आता नाव वाचलं.

हामादा.

आधी वाटलं, आडनाव सारखं असेल. जन्मसाल पाहिलं. वय ऐंशी. टीम तीच. तीन आठवडे ज्या माणसाने पेन्सिलीने एकेकाचं गाव, पाय, बूट दुरुस्त करून दिले, तो स्वतःच त्या यादीत नव्हता. आणि त्याबद्दल एक अक्षर त्याने लिहिलं नव्हतं.

मला रडूच आलं. खरं सांगायचं तर त्याहून जास्त लाज वाटली.

डेक्लनला फोन लावला. "साइन ऑफ नाही करत."

"छापखान्याची तारीख शुक्रवारची आहे, अश्विनी."

"माहितीये. एकोणतीस माणसं बाहेर राहिली आहेत आणि ती माझ्यामुळे राहिली आहेत."

तो मग म्हणाला, "काकाचं नाव आमच्या गावच्या क्लबच्या भिंतीवर आहे. बदली खेळाडू म्हणून दोनदा उतरला होता. आई अजून जाऊन पुसून येते ती पाटी." आणि मग, "गुरुवार तुझा. बाकीचं काम मी बघतो."

गुरुवारी सकाळी आठ वाजता, जपानात संध्याकाळचे पाच, मोरी-सान यांनी हामादा-सान यांना स्क्रीनसमोर बसवलं. कोट, टाय, मागे पांढरी भिंत. मी सरळ विचारलं, "तुमचं नाव यादीत नव्हतं. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

ते बराच वेळ बोलले. मोरी-सान यांनी थोडक्यात सांगितलं. "ते म्हणतात, मी एकच मॅच खेळलो. पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं होतं म्हणून. वाटलं, युरोपात किमान किती मॅच हव्यात याचा काही रूल असेल."

रूल होता. मी केलेला.

मी माफी मागितली. त्यांनी खाली वाकून मलाच नमस्कार केला, त्याने अजूनच अवघडल्यासारखं झालं. एवढ्यात तात्या मागून स्क्रीनमध्ये घुसले. "इच्यार त्यांना, त्या मॅचला काय झालं?"

विचारलं. हामादा-सान यांनी तीन बोटं वर केली. तीन गोल खाल्ले होते. मग ते काहीतरी म्हणाले आणि मोरी-सान हसल्या. "म्हणतात, तेही छापा. खोटं नको."

"गडी खरा हाय," तात्या म्हणाले.

हामादा-सान यांच्या टीमचे आणखी चौघे असेच होते, त्यांनाही त्याच रूलने वगळलं असं ते धरून चालले होते; त्यांची वर्षं त्यांनी त्याच कॉलवर सांगून टाकली. बाकीच्या टीमच्या जाणत्यांकडून मोरी-सान यांनी दिवसभर फोन करून खेळायची वर्षं मिळवली. एकोणतीसपैकी सव्वीस जण शुक्रवारी दुपारपर्यंत आत. तिघांची खरीच टायपिंगची चूक होती, तीही दुरुस्त झाली. आमच्या सिस्टिममध्ये आता दोन रकाने आहेत, टीममध्ये कधी होता आणि कंपनीत कधी होता.

पुस्तक उन्हाळ्यात आलं. एक प्रत मोरी-सान यांनी मला पाठवली. हामादा-सान यांच्या ओळीत लिहिलं आहे, गोलकीपर, मॅच एक, गोल खाल्ले तीन. त्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण केलेली होती. दुरुस्ती नाही, नुसती बरोबरची खूण.

तात्यांनी ते पान जवळ धरून निरखलं. एक अक्षर वाचता येत नव्हतं. "आमच्या टीमची आसली यादी कुठं आसंल का गं?" त्यांनी विचारलं. कारखाना बंद होऊन वर्षं झाली. रजिस्टर कुठल्या रद्दीत गेलं असेल देव जाणे.

मी नवी शीट उघडली. "सांगा," म्हटलं, "गोलकीपरपासून." पुढचे दोन तास त्यांनी सोळा नावं सांगितली, कोण कुठल्या शॉपमध्ये, कोणाचा पाय डावा, कोणाच्या डब्यात काय. शेवटी वरून खाली वाचून दाखवलं तर एक नाव कमी.

"तात्या, तुमचं राहिलं."

"आरं हां," ते म्हणाले. "ते बी घाल."

तेव्हापासून रिजेक्टची फाइल मी सगळ्यात आधी वाचते. आणि यादी सांगणारा माणूस त्या यादीत आहे का, हे त्याच्याही आधी बघते.