नऊ गाठींचं पाणी

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्यावर जीव असलेला आणि त्याच पाण्यात कधी पाऊल न घातलेला माणूस अख्ख्या विरारात दुसरा नसेल. रविवारी भर बारा वाजता, भले लोक मटणाचा रस्सा ओरपत असताना, हे फुलपाड्यामागच्या डोंगरातल्या तलावाकडे निघत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पांढरी एनॅमलची ताटली. ताटलीला सुतळी, सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी आणि ताटली बुडावी म्हणून खाली बांधलेला वरवंट्याचा तुकडा. आता छत्री स्वतःच्या डोक्यावर धरली तर ते मामा कसले? ती ते पाण्यावर धरत, चकाकी नको म्हणून, आणि स्वतः उन्हात भाजून निघत. मग खडकावरून ताटली सोडायची आणि ती कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते वहीत टिपायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून त्यांची उमर गेली, पण निवृत्तीनंतर प्रयोगशाळा त्यांच्यातून काही गेली नाही.

घरी खिडकीत जॅमच्या बाटल्या. त्यात तलावाचं पाणी आणि पाण्यात म्हणे प्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव. मला कधी दिसले नाहीत. एक बाटली उन्हात, एक कपाटामागे, एकीत चिमूटभर खत, एकीत नाही. "ऊन म्हणजे भूक आणि खत म्हणजे जेवण, जावईबापू. दोन्ही एकदम मिळाली की हे माजतात, पाणी हिरवं होतं, मग खाली उजेड पोचत नाही आणि तळातले गुदमरतात." हाच नियम ते माणसांनाही लावत. एका लग्नात नवरदेवाच्या गुबगुबीत भावाकडे बघून ते मला मोठ्याने म्हणाले, "ऊन कमी, खत जास्त." त्या घरी आम्ही पुन्हा गेलो नाही.

मामी होत्या तोवर गाठी त्या मोजत. त्या वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. खडकावर ओणवून त्या प्रत्येक गाठीला म्हणत, "दिसते हाय... दिसते हाय..." आणि नवव्या गाठीनंतर, "गेली. पानी चांगलं हाय." मामा लिहीत, नऊ. मामी गेल्या तेव्हा भटजी पिंड तलावात सोडा म्हणाले. मामांनी ते तलावाच्या वाटेवरच्या आंब्याच्या बुंध्याशी पुरले. "तिनं मोजलेलं पाणी तिच्याच नावानं हिरवं करू?" एवढंच बोलले. भटजी वर्षभर आमच्याशी धड बोलत नव्हते.

मग मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मामांना मोतीबिंदू झाला होता आणि ते ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. इकडे चंदनसारला, फुलपाड्याला इमारती उठत होत्या. नव्याने राहायला आलेली माणसं भाविक. देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून डोंगरातल्या स्वच्छ पाण्यात भक्तिभावाने सोडत. कपडेही तिथेच धूत. पाणी हिरवं होत चाललं होतं. मामा म्हणत, "अंधुक दिसतंय ते माझ्या डोळ्यांमुळे. पाणी तिच्या वेळचंच आहे. किती झाल्या?" ताटली सहाव्या गाठीलाच गडप झालेली असे. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ रेटेना. मी म्हणे, नऊ. असा मी दोन वर्षं नऊ-नऊ करत राहिलो.

शेवटी मामांच्या मुलीने नागपूरहून येऊन त्यांचं ऑपरेशन करवलंच. पट्टी निघाली त्याच्या पुढच्या रविवारी काळा चष्मा उतरवून मामांनी स्वतः ताटली सोडली. पाचव्या गाठीला गेली. वर ओढून पुन्हा सोडली. पाचच. मी आपल्या चपलांकडे बघत उभा.

"जावईबापू," मामा म्हणाले, "एकदा तुमचे डोळे तपासून घ्या." मग खडकावर बसत हळूच म्हणाले, "मलाही ठाऊक होतं हो. उगाच नव्हतो ऑपरेशन टाळत."

त्यानंतर ते बदलले. सणासुदीला वाटेवर टोपली घेऊन उभे राहू लागले. "देवाला पोचलं, आता माझ्याकडे द्या," असं हात जोडून म्हणत आणि फुलं त्याच आंब्याखाली पुरत. लोक आधी हसले, काही भांडले, मग मुकाट्याने टोपलीत टाकू लागले. धुणंवाल्या बायकांशी मात्र त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. पुढे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. ताटली माझ्याकडे आली, दर रविवारी फोन करायचा आणि खरं सांगायचं या शपथेसकट. मी पाच सांगितले, पाच सांगितले, एकदा साडेचारही सांगितले. ते "बरं" म्हणून फोन ठेवत.

मग एका थंडीत ताटली सातव्या गाठीपर्यंत दिसली. मी तीनदा सोडून बघितली आणि धावत फोनच्या बूथवर गेलो.

"सात, मामा."

"खरे सात, की मायेचे?"

"खरे."

पलीकडे त्यांनी वहीचं पान उलटल्याची सळसळ ऐकू आली. मग म्हणाले, "ती म्हणायची तसं म्हणा बरं एकदा."

बूथबाहेर चार माणसं खोळंबली होती. माझी मलाच लाज वाटत होती, तरी एकेक गाठ मोजत मी म्हणालो, "दिसते हाय... दिसते हाय..." सात झाल्या आणि मी थांबलो.

"थांबू नका," पलीकडून मामा म्हणाले. "अजून दोन आहेत."