लिंबू धरणारीचा फासा

मित्रांनो, आज राजपुऱ्यात आमच्या घरी चक्क टेबलावर दांडपट्टा चालला.

मी आखाड्यात पट्टा फिरवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. धाकट्या बहिणीच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापतो. हाच डाव मी आमच्या फाशांच्या रोलप्ले गेममध्ये बसवतोय. नियम सोपा होता: पट्टेवाल्याने फासा टाकायचा, पाच किंवा सहा आला की लिंबू कापलं.

दुपारी दोस्तांसोबत खेळायला बसलो, तर बहीण म्हणाली, "दादा, यात मी कुठंय?"

"तू लिंबू धरून उभी आहेस ना."

"हां, पण माझा हात हलला तर तुझा छक्का काय कामाचा?"

तिथंच नियम बदलला: लिंबू धरणाऱ्यानेही फासा टाकायचा, दोघांनाही पाच किंवा सहा आला तरच लिंबू कापलं.

मला सहा पडला. सगळे तिच्या मुठीकडे बघत होते. तिला पाच पडला आणि सगळ्यांनी टेबल बडवून काढलं.

मिरवणुकीत टाळ्या मला पडतात. आज तिला पडल्या आणि छाती माझी फुगली.

लिंबू कापणाऱ्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक असतं. आमच्याकडे धरणारीचं नाव वैशाली आहे. तुमच्याकडे कोण धरतं?