तमाले शिजेनात

एलोडिया व्हियारेआल चौथीच्या वर्गाची बाई. कुणा पोराने आपलं आडनाव गोऱ्यांसारखं चेपून उच्चारलं, की ती ते सगळ्या वर्गासमोर पुन्हा म्हणून घ्यायची. "आजोबांनी दिलंय ते तुला. मोडून वापरायचं नाही!" शरदात शाळेत होणारा मेक्सिकी वारशाचा कार्यक्रम म्हणजे तर तिचंच राज्य. नाच, भरतकामाचे झगे, आजीच्या तोंडची गाणी. सीमेलगतच्या त्या टेक्सासी गावात तिच्या हौसेला नावं ठेवणारेही पुढच्या खुर्च्या धरायला आधी यायचे.

यंदा कार्यक्रम झाला आणि आठवड्याभरात तिची आई एर्मिनिया गेली. एलोडिया रडली नाही. शाळेत जात राहिली. मृतांच्या दिवशी आईच्या फोटोपुढे तिने झेंडू मांडला, तोही भाजी निवडावी तसा. परंपरा माणसाला सावरते, असं ती इतकी वर्षं मुलांना सांगत आली होती. ते खोटंच होतं की काय, एवढीच तिला भीती होती. बाकी दुःख म्हणावं असं तिला काही वाटत नव्हतं.

नाताळाआधी नेहमीसारख्या बायका तिच्याकडे तमाले करायला जमल्या. मक्याचं पीठ चरबी घालून फेटलं, कणसाच्या सालीत मांसाचं सारण भरून पुडकी बांधली आणि अंगणातल्या शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. दुपार कलली तरी पीठ आपलं सालीला चिकटलेलं, कच्चंच.

"चिडलंय कोण इथे?" कूका मावशीने कमरेवर हात ठेवले. मनात राग धरून कुणी उभं असलं की तमाले शिजत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मी नाही बाई. मी चिडले की दारं आपटते," शेजारची ओफेलिया म्हणाली. बायका हसल्या.

"मी," एलोडिया म्हणाली, हजेरी द्यावी तशी. "आईवर. आजार तिने मला सांगितलाच नाही."



"मग नाच की," मावशी म्हणाली. "चिडलेल्याने पातेल्याभोवती नाचायचं, हे आता शाळेच्या बाईंना मी शिकवू?"

एलोडिया नाचू लागली. पोरींना शिकवलेलीच पावलं. चेहरा मात्र कोरा. मावशीने तिच्याकडे बघत शेगडीत लाकूड सारलं.

"मला सांगितलं होतं तिने," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू सगळं सोडून तिच्या उशाशी बसली असतीस. म्हणाली, एलोचा कार्यक्रम होऊन जाऊ दे गं, मला बघायचाय."

एलोडियाची पावलं थांबली नाहीत. "मावशी, आता तुझ्यावरही राग आहे माझा."

"असू दे," मावशी म्हणाली आणि दुखरे गुडघे सावरत तिच्यामागे फेर धरू लागली.

बऱ्याच वेळाने ओफेलियाने झाकण उचललं. साल अलगद सुटली. "शिजले गं!" बायकांनी टाळ्या वाजवल्या.

एलोडियाला वाटलं, शिजायला नको होते. आईचं म्हणून तिच्याकडे तो राग तेवढा उरला होता.