अक्कांनी न टाकलेली चमक

तंजावूर, आषाढातला शुक्रवार.

गौरवग्रंथाच्या मंडळींनो, इतके दिवस गप्प राहिलो, क्षमा असावी. सगुणाअक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत आणि माझा लेख एका वाक्यापाशी अडला होता.

अक्कांची पहिली भेट राजवाड्यामागच्या गल्लीत, त्यांच्या घरी झाली. मी नुकताच एम.एस्सी. झालो होतो. विश्वातलं ते न दिसणारं कृष्णद्रव्य, डार्क मॅटर, म्हणजे काय, असं मी विचारलं.

"या खोलीत आपण दोघंच आहोत असं वाटतं ना तुला? तसं नाही. ते आत्ताही तुझ्या-माझ्या आरपार चाललंय."

मी नकळत मागे पाहिलं. त्या हसल्या, कॉफीचा पेला पुढे केला. "भिऊ नको रे. कापी घे."

पुढे त्यांच्या हाताखाली जुन्या खाणीतल्या प्रयोगात मी काम केलं. आकाशातून येणारे इतर कण अडवायला डोक्यावर अख्खा डोंगर. खाली शिशाच्या भिंतींआड एक स्फटिक. कृष्णद्रव्याचा कण धडकला तर त्यात बारीक चमक उमटेल, ही आशा. कुणी जवळ रेंगाळलं तर अक्का म्हणायच्या, "लांब हो. तुझ्या अंगातूनही किरणं निघतात." तिथे आपलंच शरीर परकं वाटायचं.

आशेपायी नजर फसते, म्हणून एक रीत होती. अक्का संगणकातल्या नोंदींत गुपचूप खोट्या चमका मिसळायच्या आणि आमची तपासणी संपल्यावरच त्या कोणत्या ते सांगायच्या. एकदा आम्हाला दोन सापडल्या.

"अक्का, दोन्ही तुमच्याच ना?"

"एक माझी."

"आणि दुसरी?"

अक्कांनी आपली यादी पुन्हा तपासली. "ती मी टाकलेली नाही."

निवृत्ती जवळ आली होती. जाहीर केलं असतं तर जगभर नाव झालं असतं. अक्कांनी वाट पाहिली. तशी चमक पुन्हा आली नाही. "एकदा दार वाजलं रे. कोण होतं, कसं सांगू?"

माझे वडील गेले तेव्हा याच अक्का रोज आमच्याकडे येऊन नुसत्या बसायच्या. ती शांतता मला अजून धीर देते.

'अक्कांनी कृष्णद्रव्याचा शोध लावला,' हे वाक्य आपल्या समितीला हवं होतं. मलाही हवं होतं, मी लिहिलं. काल लेख त्यांना वाचून दाखवला.

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग? खोट्या चमका टाकायचं काम माझं रे, तुझं नव्हे."

मग त्या एकाएकी थांबल्या आणि रिकाम्या कोपऱ्याकडे कान देऊन बसल्या. मीही श्वास रोखला.

दार पुन्हा वाजेल तेव्हा ते ऐकायला अक्का धडधाकट असाव्यात, एवढंच मागणं.

उद्या: शोधाचं ते वाक्य काढून लेख छापखान्यात देणे.