विकत घ्यायच्या आधीच पुजलेली गाडी

जुनी गाडी बघायला जाताना आमच्या गौरीनं मला एकच काम दिलं होतं. गप्प बसायचं. तेवढं काम मला जमलं नाही.

आता कबूल करायचंच ठरवलंय, तर सगळं सांगतो. गौरी माझी एकुलती एक मुलगी, बिदरला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही राहतो भालकीला. शेवटच्या वर्षात सकाळी साडेसातला दवाखान्यात हजेरी द्यावी लागते आणि आमची पहिली बस बिदरला पोचते आठ वाजून गेल्यावर (वाटेत कुणी हात केला तर साडेआठ, आणि हात करणारा कंडक्टरचा पाहुणा निघाला तर नऊ!). हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत. हॉस्टेलला जागा नव्हती. तिच्यासारख्याच अडकलेल्या भालकीच्या आणखी तीन मुली होत्या. चौघींनी मिळून ठरवलं, की जुनी गाडी घ्यायची. स्कॉलरशिप, शिकवण्या, कुणाच्या मामानं दिलेले, कुणाच्या आजीनं पदरातून काढून दिलेले, असे सगळे मिळून एक लाख पंधरा हजार झाले. सोमवारपासून हजेरी सुरू होणार होती. हातात होता फक्त एक रविवार.

गौरीनं गाडीचा अभ्यास असा केला होता, की तेवढा हाडांचा केला असता तर पहिली आली असती. वहीची तीन पानं भरली होती. गाडी स्वस्त पाहिजे, पण तिच्यात चार मुली, चार सॅक आणि उपचाराचं एक घडीचं टेबल मावलं पाहिजे. छोट्या गाड्या बाद, कारण टेबल आत गेलं की दोन मुली बाहेर राहायच्या. उदगीरच्या गाड्या स्वस्त, पण त्याही बाद. महाराष्ट्राचं पासिंग कर्नाटकात आणायचं म्हणजे टॅक्स, कागद आणि आरटीओच्या इतक्या फेऱ्या, की तोवर डिग्री बाजूला राहील. शेवटी उरली बिदरजवळ नौबादला, जुन्या गाड्या विकणाऱ्या चाँदभाईंच्या आवारात उभी असलेली सात सीटची पांढरी व्हॅन. (पांढरी म्हणजे कधीकाळी.) चाँदभाई एक लाख चाळीस म्हणत होते.

"अप्पा, गाडी आवडली तरी तोंड पाडून उभं ऱ्हायचं," गौरी म्हणाली. "मी खोट काढते, भाव उतरवते. तुम्ही काय बी बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलतो?"

"फ्रिज घ्यायच्या टायमाला बी असंच म्हणलाव. आन् दुकानात शिरल्या शिरल्या सांगितलाव, आमचा जुना कालच बंद पडलाय, आज कसं बी करून पाहिजे म्हणून."

मी गप्प बसलो. (त्या दिवशी गप्प बसलो, ते एवढंच.)

पण खरं पाप आदल्या दिवशीच घडून गेलं होतं, आणि ते गौरीला माहीत नव्हतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. औरादच्या बाजूला, ठाणाकुशनूरला असते. आमची आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. दर शनिवारी तिचा फोन येतो, "काय विशेष, शिवा?" आणि पंचवीस वर्षं माझं उत्तर एकच, "काय न्हाई अक्का, चाललंय तसंच." अडत दुकानात नोकरीला असलेल्या माणसाचं विशेष असणार तरी काय? तुरीचा भाव चढला, तुरीचा भाव पडला. चढला तरी दुसऱ्याचा, पडला तरी दुसऱ्याचा! त्या शनिवारी मात्र मी म्हणालो,

"अक्का, गाडी घेतली."

खरं तर नुसती बघायला चाललो होतो. पण नुसतं बघायला जाण्यात विशेष ते काय!

पलीकडं आधी सगळं शांत झालं. मग अक्का चक्क रडायला लागली. "माझा शिवा गाडीवाला झाला गं बाई! उद्या घेऊन ये. माझ्या हातची विभूती लागल्याबगर गाडी फिरवायची न्हाई, सांगून ठेवते."

आनंदानं रडणाऱ्या बहिणीला "थांब, अजून घेतली नाही" असं सांगायला जे काळीज लागतं, ते माझ्याकडं नाही.

रविवारी सकाळी आम्ही बापलेक माझ्या मोटारसायकलवरून नौबादला पोचलो. गौरीनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि असं तोंड केलं, की मलाच वाटलं आपण उगाच आलो.

"भाई, मागचे टायर तर गुळगुळीत हायेत."

"बदल डालेंगे, बेटी."

"क्लच गेलाय. आन् हे सरकतं दार अडकायलंय बघा."

"थोडा तेल डालना, बस."

"एक पंधराच्या वर घेण्यासारखी न्हाई ही."

चाँदभाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "पहले ट्रायल ले को आव. बाद में बैठ को बात करेंगे. कुछ कम करेंगे. मोटारसायकल यहाँ छोड जाव, घंटाभर में आव."

गौरीनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. भाव उतरला होता! फक्त एक तास गाडी फिरवून परत यायचं होतं.

गौरी चालवत होती. मी शेजारी बसून "अजून थोडं पुढं", "अजून थोडं पुढं" करत होतो.

"अप्पा, अर्धा तास झाला. आपण औरादच्या रस्त्याला कामून आलाव?"

"इंजिन तापल्यावर कसं चालतंय, ते बी बघावं लागतंय."

"अप्पा."

"शिवाय पुढं एक चढ..."

"अप्पा!"

सांगून टाकलं. गौरीनं गिअर असा टाकला, की गाडीच माझ्याऐवजी रडली.

"आत्याला फोन लावा आन् खरं सांगा."

"फोनवर बरं दिसत न्हाई गं. समोरासमोर सांगतो."

"पाच मिनिटं. चहा न्हाई, जेवण न्हाई. सांगायचं आन् निघायचं."

"पाचसुद्धा लागायची न्हाईत," मी म्हणालो.

ठाणाकुशनूरला अक्काच्या गल्लीत वळलो. गल्लीत सडा पडला होता. दारात रांगोळी. तीस-चाळीस माणसं. हातात ताट घेऊन अक्का उभी, आणि तिच्या मागं हलगीवाला! गाडी दिसताच त्यानं हलगी कडाडून सोडली.

मी उतरलो. "अक्का, जरा ऐक..."

"काय?"

"गाडीचं एक सांगायचंय!"

"ऐकू येत न्हाई! नंतर!"

अक्कानं तीन बोटं विभूतीत बुडवली आणि बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पट्टे ओढले. मग झेंडूचा हार. मग काचेवर हळदीचे पंजे, अक्काचे दोन आणि शेजारणींचे सहा. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गौरी एका बाजूला उभी राहून माझ्याकडं बघत होती. दवाखान्यात पेशंटचा कुठला स्नायू दाबला म्हणजे तो सगळ्यात जास्त ओरडेल, हे शोधताना ती तशी बघत असावी.

"फोड," म्हणत अक्कानं माझ्या हातात नारळ दिला.

गाडीसमोर दगड ठेवला होता. मी सगळा अपराधीपणा एकवटून नारळ आपटला. तो दगडावरून उसळला आणि थेट गाडीच्या बंपरवर गेला. कडाड! नारळ शाबूत. बंपर फुटला.

"लई शुभ," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

"सांगा आता," गौरी माझ्या कानाशी म्हणाली.

"आता कसं सांगू? आता तर बंपर बी फुटलाय!"

मग देवळापर्यंतची फेरी. सात सीटच्या गाडीत अक्कानं माणसं भरायला सुरुवात केली. मी मोजत होतो. अकरा झाली तशी मोजणं सोडलं. "जागा लई हाय हो!" असं आतून प्रत्येकजण कौतुकानं म्हणत होता, आणि ते ऐकून अक्का आणखी एकाला आत ढकलत होती. बसवण्णाच्या देवळासमोर गाडी थांबली. सरकतं दार ओढलं तर उघडेना. बाहेरून चौघांनी ओढलं, आतून सहाजणांनी ढकललं, तरी उघडेना. शेवटी सगळी वऱ्हाडी मंडळी ड्रायव्हरच्या दारातून, स्टेअरिंगखालून वाकत, एकेक करून बाहेर निघाली. प्रत्येकजण निघताना हॉर्नवर हात ठेवत होता, त्यामुळं कितीजण उतरले ते गावालाही कळत होतं. अक्का सगळ्यात शेवटी, अर्धी आत अर्धी बाहेर अडकली, तेव्हा हॉर्न पूर्ण मिनिटभर वाजला.

त्यानंतर जेवण. अख्ख्या गल्लीला. माझ्या खिशात चाँदभाईंचा फोन सात वेळा थरथरला आणि सातही वेळा मी भाकरी मोडत राहिलो. निघताना अक्कानं तूरडाळीचं पोतं गाडीत टाकलं आणि स्वतःही चढून बसली.

"मी बी येते. चार दिस ऱ्हाते. माझ्या शिवाच्या गाडीतनं भालकीला जायचं हाय मला."

परतीच्या वाटेवर अक्का गाडीच्या सीटवर मायेनं हात फिरवत होती. गौरी आरशातून मला बघत होती. मी डाळीच्या पोत्याकडं बघत होतो.

नौबादला आवारात शिरलो तेव्हा चाँदभाई खुर्चीत बसले होते. गाडी बघून ते हळूहळू उठले. एक चक्कर मारली. विभूतीचे पट्टे बघितले, हार बघितला, टायरला चिकटलेल्या लिंबांच्या साली बघितल्या, बंपरपाशी जरा जास्तच वेळ थांबले. मग माझ्यासमोर आले.

"भाईसाब, मैं गाडी ट्रायलकू दिया था. तुम तो निकाह पढा को लाए!"

गौरीनं तरीही तोंड पाडलं आणि वही उघडली. शाब्बास तिची! "भाई, चालवून बघितलं. क्लच लई वाईट..."

"अब क्लच कैकू बोलते, बेटी? हार डालने के पहले बोलना था."

"हे कोण?" अक्का गाडीतून उतरत म्हणाली. "आन् आपल्या गाडीच्या क्लचचं हेला काय करायचंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता हलगी नव्हती.

"अक्का," मी म्हणालो, "ही गाडी अजून ह्यांचीच हाय. घ्यायची ऱ्हायलीय."

"म्हंजी मी परक्याच्या गाडीला विभूती लावले?"

"व्हय."

"आन् गल्ली जेवू घातले?"

"व्हय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी बघायची तसंच. मी पन्नाशीला आलोय, तरी हात आपोआप कानाकडं गेला. मग ती ताठ उभी राहिली आणि आवारातल्या प्रत्येक गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मग आता घ्यावीच लागंल! विभूती लावलेली वस्तू सोडून जाणं आपल्या घरात चालत न्हाई. काय बी होवो, हीच घ्यायची!"

गौरीनं वही मिटली.

"अम्मा सही बोल रै," चाँदभाई हात जोडून म्हणाले. "एक चालीस. बंपर का मैं कुछ नै बोलता."

गौरी माझ्याकडं वळली. दिवसभर रागानं बघणारे तिचे डोळे आता भरून आले होते, आणि ते बघवत नव्हतं. "अप्पा, पंचवीस हजार कुठनं आणू मी? त्या तिघींना काय सांगू? उद्या सोमवार हाय."

मी तिच्याकडं सोडून सगळीकडं बघितलं. कुंपणाशी माझी मोटारसायकल उभी होती. नऊ वर्षांची, पण रोज फडक्यानं पुसलेली.

"चाँदभाई," मी म्हणालो, "फरकात ही ठेवून घ्या."

चाँदभाई गेले. मोटारसायकलभोवती दोन चकरा मारल्या आणि गौरीनं सकाळी केलं होतं तस्सं तोंड केलं. "पिछला टायर तो गया, भाईसाब."

"व्हय, आन् चेन बी गेल्या वर्षापासनं..."

"अप्पा, गप्प!" गौरी आणि अक्का एकदम ओरडल्या.

त्या दोघी मला मागं सारून पुढं झाल्या. मग अक्का बोलत होती, गौरी बोलत होती, आणि चाँदभाई फक्त टोपी काढत होते, घालत होते. दहा मिनिटांत व्यवहार झाला. मागचे दोन टायर नवीन, तेही चाँदभाईंकडून! मी मध्ये नसलो की आमच्या घरात व्यवहार चांगला होतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

सोमवारी सकाळी सात वीसला चौघी दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून एकही हजेरी चुकलेली नाही. उरलेल्या तीन सीटवर गौरीनं खालच्या वर्गातल्या तीन मुली घेतल्यात, पेट्रोलच्या वाटणीवर. मी एकदा म्हणालो, की मला जाता जाता बाजारात सोडा. म्हणाली, "अप्पा, जागा न्हाई." ज्या गाडीत मी अकरा माणसांनंतर मोजणं सोडून दिलं, त्या गाडीत!

तर मी बाजारात पायी जातो. वाटेत रोज कुणीतरी विचारतंच, "शिवण्णा, गाडी घेतलाव म्हणं! मग चालत कामून जायलाव?" आता गाडीत मला जागा नाही आणि मोटारसायकल चाँदभाईंकडं आहे, हे भर रस्त्यात कसं सांगायचं? एका सकाळी मी ऐटीत म्हणालो, "डॉक्टरनं चालायला सांगितलंय. शुगर निघाली."

विचारणारा नेमका औरादच्या बाजूचा तुरीचा व्यापारी होता.

शनिवारी अक्काचा फोन आला. आधी सगळं शांत, मग रडणं. रविवारी ती स्वतःच आली, डोक्यावर शेतातल्या कारल्यांची पाटी घेऊन. आज तिला येऊन तीन आठवडे झाले. मला शुगर नाही. पण रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस मी नाक दाबून पितो, आणि अक्का विचारते तेव्हा लई फरक पडायलाय म्हणून सांगतो.