वैजनाथाची गळती आणि कोरा काठ

मंडळी, पिंडीवर थेंब थेंब पाणी सोडणारी तांब्याची गळती, तिची साखळी आणि झाकण, सगळं मी माझ्या हातानं घडवलं. शिकवायला कोणी नव्हतं. भोक मोठं पडलं म्हणून चार भांडी वाया गेली.

आज परळीत वैजनाथाला ती अर्पण केली. पुजाऱ्यांनी पाणी भरलं. थेंब बरोबर मधोमध पडला.

दर्शनाला आलेले एक सावकार म्हणाले, "मिस्त्री, काठावर माझं नाव कोरा. भोकच तर पाडलंय, त्यात काय लई मोठं हाय?"

"तेवढं भोक तुमी पाडून दावा, मग कोरतो."

पुजारी हसले. काठ कोराच राहिला, त्यावर माझंही नाव नाही.

तुम्ही कोरलं असतं? सावकार देत होते निजामाच्या चलनातले रोख पन्नास हाली रुपये.