जपून द्यायच्या कॅप्सुली

दवाखान्यातले रिकामे खोके कंपाउंडर दर शनिवारी भंगारात द्यायचा. किस्से मात्र कुणी नेईना, ते साठतच गेले! ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत माझी प्रॅक्टिस होती. निम्मे पेशंट साठीपुढचे. कुणाला शुगर, कुणाला दमा, कुणाची किडनी अधू. त्यांना अँटिबायोटिक देताना माझा जीव मुठीत, आणि ही मंडळी निवांत!

*

मिरकरवाड्यातल्या एका काकूंना खोकल्यावर टेट्रासायक्लिन दिलं आणि बजावलं, "दुधाबरोबर अजिबात घ्यायचं नाही." आठवड्यानं खोकला तसाच. कॅप्सूल चहाबरोबर चालली होती!

"अहो, चहात दूध असतं ना?"

"त्याला दूध नाय म्हणत डॉक्टर, त्याला रंग म्हणतात!"

*

एक रिटायर्ड गुरुजी. मधुमेह, त्यात पायाला जखम. पाय वाचवायचा तर कोर्स पूर्ण हवा. पण जखम भरेना. चौकशी केली, तर निम्म्या कॅप्सुली त्यांच्या पत्नी खात होत्या!

गुरुजी म्हणाले, "लग्न झाल्यापासून हिला अर्धं दिल्याशिवाय कधी काही खाल्लं नाही."

बाईंना विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. पण यांचं मन कुठं मोडू?"

*

सावर्ड्याचे आजोबा, दमेकरी. पेनिसिलिनची सिरिंज हातात घेऊन विचारलं, "पूर्वी या सुईनं कधी त्रास झालाय?"

"नाय."

मागून आजी कडाडल्या, "नाय कसा? चिपळूणला सुई दिल्यावर मरता मरता वाचलात!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "तो उजवा हात होता. आज डावा पुढे केलाय!"

मी सिरिंज खाली ठेवली.

*

आणि हे मिरजोळ्याच्या आबांचं. न्यूमोनिया, त्यात किडनी अधू. विचार करून कमी डोस ठरवला. पण आबा तोंड उघडेनात. देवाचा कौल आल्याशिवाय औषध नाही! गुरवानं देवळात मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर होकार. पडलं डावं!

ताप चढत होता, धाप वाढत होती. मला खरंच भीती वाटली, हा माणूस हातचा जातोय.

गुरवाला विचारलं, "काका, आबांची किडनी अधू आहे, हे देवाला सांगितलंत?"

"नाय."

"मग हिस्टरी न ऐकता देव होकार कसा देईल?"

गुरव चपापला. परत जाऊन मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं: ताप, किडनी, कमी केलेला डोस, सगळं. या वेळी उजवं फूल पडलं. आबांनी कॅप्सूल गिळली आणि काही दिवसांत ते उठून बसले. मला रडूच आलं.

महिन्याभरानं त्याच वाडीतला एक म्हातारा दवाखान्यात आला, हातात बाटली.

"काय होतंय?"

"मला काय नाय. गुरवानं सांगितलान, कौल हवा तर आधी लघवी तपासून आण!"